विश्लेषण : तिकीट काढल्यावर विमानाचे भाडे उतरले, तर फरक परत मिळतो का?

मावसबहिणीच्या लग्नासाठी मी पुणे-कोलकाता विमानाचे तिकीट ६,८०० रुपयांना काढले. नऊ दिवसांनी सहज म्हणून मोबाइलवर तेच विमान, तीच तारीख पाहिली, तर भाडे ५,३०० रुपये. दीड हजारांचा फरक. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर पलीकडून उत्तर आले, ‘सर, भाडं वाढलं असतं तर आम्ही तुमच्याकडे जास्त पैसे मागितले असते का?’ यावर पटकन काही सुचले नाही.

त्याच आठवड्यात न्यू जर्सीत राहणाऱ्या दादाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. ‘अरे, आमचं नेवार्क-डेन्व्हरचं तिकीट ६२ डॉलरनं उतरलं. ॲपमध्ये जाऊन तेच विमान पुन्हा निवडलं, दोन मिनिटांत क्रेडिट जमा. तुमच्याकडे नाही का असं?’

नाही. आपल्याकडे असे सहसा होत नाही. पण का होत नाही, अमेरिकेत होते ते कोणत्या अटींवर, आणि भारतात जो एक छोटासा दरवाजा उघडा आहे तो कुठे आहे, हे माहीत असलेले बरे. विशेषतः अमेरिकेतल्या मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांची तिकिटे काढणाऱ्यांना.

भाडे खाली येतेच कसे?

एसटीचे भाडे ठरलेले असते, विमानाचे नसते, एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘जितके लवकर काढाल तितके स्वस्त’ हा समज मात्र अर्धाच खरा आहे. १८० आसनांच्या विमानात सगळी आसने एकाच दराला विकायला ठेवलेली नसतात. कंपनीची संगणक प्रणाली त्यांचे दहा-पंधरा कप्पे करते. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचा वेगळा दर. स्वस्त कप्पा संपला की वरचा उघडतो, म्हणून भाडे चढते.

पण हे कप्पे उलटेही उघडतात. अपेक्षेपेक्षा तिकिटे कमी खपली, एखाद्या ग्रुपने चाळीस आसने अडवून नंतर सोडून दिली, स्पर्धक कंपनीने त्याच मार्गावर सेल लावला किंवा नवे विमान सुरू केले, की बंद झालेला खालचा कप्पा पुन्हा खुला केला जातो. इंजिनिअरिंगला ‘ऑपरेशन्स रिसर्च’ शिकताना आम्हाला हेच गणित कागदावर सोडवायला होते. रिकामे उडणारे आसन ही त्या गणितातली सर्वांत मोठी हानी. विमान धावपट्टीवरून सुटले की त्या आसनाची किंमत शून्य.

या पद्धतीचा मोठा प्रयोग झाला तोही अमेरिकेतच. तिथे १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढले. १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने ‘पीपल एक्स्प्रेस’ या स्वस्त कंपनीला तोंड देण्यासाठी मोजकीच आसने अतिशय कमी दरात विकायला काढली आणि बाकीची घाईच्या, कामानिमित्त फिरणाऱ्या प्रवाशांसाठी महाग ठेवली. आज जगभरच्या कंपन्या कमीअधिक फरकाने तेच करतात. त्यामुळे तुम्ही तिकीट काढल्यानंतर भाडे उतरणे म्हणजे कंपनीची चूक नव्हे. प्रश्न एवढाच, की उतरलेल्या भाड्याचा फायदा आधीच पैसे भरलेल्याला घेता येतो की नाही.

अमेरिकेत क्रेडिट मिळते, ते कायद्यामुळे?

अजिबात नाही. भाडे उतरले तर फरक द्या, असे अमेरिकेचा कोणताही कायदा सांगत नाही. हा एका वेगळ्याच निर्णयाचा जोडपरिणाम आहे.

२०२० पर्यंत तिथल्या मोठ्या कंपन्या देशांतर्गत तिकीट बदलायला साधारण २०० डॉलर शुल्क घेत. २०१९ या एका वर्षात अमेरिकी कंपन्यांनी तिकीट बदल आणि रद्द करण्याच्या शुल्कातून २.८ अब्ज डॉलर कमावले. मग कोविड आला. उद्या विमान उडेल की नाही याची खात्री नसताना तिकीट कोण काढणार? ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दोन दिवसांत युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन यांनी एकापाठोपाठ हे शुल्क बहुतेक तिकिटांवरून काढून टाकले. साउथवेस्ट ही कंपनी तर ते पूर्वीपासूनच घेत नव्हती.

बदलाचे शुल्क शून्य झाले, की गणित सोपे होते. तुम्ही ॲपमध्ये ‘चेंज फ्लाइट’ निवडता, तेच विमान आणि तीच तारीख पुन्हा निवडता. कंपनीच्या दृष्टीने हा ‘बदल’. जुने तिकीट २४० डॉलरचे, नवे १७८ चे, उरलेले ६२ डॉलर क्रेडिट म्हणून खात्यात. कुठे त्याला ‘ट्रिप क्रेडिट’ म्हणतात, कुठे ‘ई-क्रेडिट’, कुठे ‘फ्लाइट क्रेडिट’. काही वेळा तेच विमान बदलाच्या यादीत दिसत नाही. तेव्हा लोक तिकीट रद्द करून सगळ्या रकमेचे क्रेडिट घेतात आणि त्यातूनच स्वस्त तिकीट पुन्हा काढतात.

वाचायला छान वाटते. पण दादाला जे दोन मिनिटांत जमले, ते सगळ्यांना जमत नाही. पहिला खोडा ‘बेसिक इकॉनॉमी’चा. अमेरिकेत शोधताना सर्वांत वर दिसणारे स्वस्त तिकीट बहुधा याच वर्गाचे असते आणि शुल्कमाफीतून हा वर्ग वगळलेला आहे. साउथवेस्टनेही मे २०२५ मध्ये ‘बेसिक’ नावाचा असा वर्ग आणला. वीस-तीस डॉलर वाचवण्यासाठी तो घेतला, तर पुढे भाडे उतरल्याचा फायदा घेण्याची वाट आपणच बंद केलेली असते. याच वर्गामुळे आणखी एक गफलत होते. तुम्ही ‘मेन’ वर्गाचे तिकीट काढलेले असते आणि नंतर पाहताना पडद्यावर ‘बेसिक’चे भाडे दिसते. ते कमी असणारच! भाडे उतरले असे म्हणण्याआधी वर्ग तोच आहे का, सामानाची मुभा तीच आहे का, हे पाहावे लागते.

दुसरे म्हणजे मुदत. क्रेडिट बहुतेक ठिकाणी वर्षभर चालते, पण अनेकदा ते वर्ष क्रेडिट मिळाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर मूळ तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजतात. सप्टेंबरमध्ये काढलेल्या तिकिटाचे क्रेडिट मे महिन्यात मिळाले, तर हातात चारच महिने उरतात. त्यातही त्या तारखेपर्यंत नवे तिकीट काढायचे की प्रवासच पूर्ण करायचा, हे कंपनीगणिक बदलते. साउथवेस्टच्या क्रेडिटला २०२२ पासून मुदतच नव्हती. मे २०२५ नंतर काढलेल्या तिकिटांना ती सवलत उरली नाही. क्रेडिट सहसा ज्याच्या नावाचे तिकीट त्याच्याच नावाने मिळते. म्हणजे चौघांच्या तिकिटांवर प्रत्येकी ४० डॉलर उतरले, तर चार वेगळी क्रेडिट्स. पाच वर्षांच्या मुलाचे ४० डॉलर आई वापरू शकेलच असे नाही.

आई-बाबांच्या मुंबई-नेवार्क तिकिटाचे काय?

इथे बरेच जण फसतात. मुलगा अमेरिकेत, कार्ड अमेरिकेतले, कंपनीही अमेरिकी, म्हणजे शुल्कमाफी मिळणारच असे वाटते. पण आंतरराष्ट्रीय मार्गांवर अनेक कंपन्यांची ही माफी अमेरिकेतून सुरू होणाऱ्या प्रवासापुरती असते. आई-बाबा मुंबईहून निघून मुंबईलाच परतणार असतील, तर प्रवास भारतातून सुरू झालेला असतो. पैसे कुणी भरले याला इथे महत्त्व नसते. त्यामुळे या तिकिटावर बदलाचे शुल्क लागू शकते, आणि लांब पल्ल्याला ते जड असते. उलट अमेरिकेतला मुलगा दिवाळीला घरी येऊन परत जाणार असेल, तर त्याच कंपनीचे त्याच मार्गावरचे तिकीट माफीत बसू शकते.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रवासाला किमान सात दिवस असताना थेट विमान कंपनीकडे बुकिंग केले, तर कंपनीने एक तर २४ तास पैसे न घेता ते भाडे राखून ठेवायचे, किंवा २४ तासांत तिकीट रद्द केल्यास पूर्ण पैसे परत द्यायचे. क्रेडिट नव्हे, पैसे. तिकीट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा भाडे पाहण्याची सवय त्यासाठीच चांगली.

मग भारतात काय मिळते?

आपल्याकडेही असाच एक दरवाजा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, परताव्याच्या नियमांत ‘लुक-इन’ सोय आणली. कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले आणि प्रवासाला सात किंवा जास्त दिवस असले, तर त्या नियमानुसार २४ तासांत ते शुल्काशिवाय रद्द करता येत असे किंवा बदलता येत असे. बदलताना नव्या विमानाचे त्या वेळचे भाडे तेवढे लागू होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने हा अवधी ४८ तासांवर नेण्याचा मसुदा मांडला. बुकिंगच्या पानावर जो अवधी लिहिला असेल तो पाहावा. २४ तासांच्या आत हललात तर कसलाच प्रश्न येत नाही.

या अवधीत भाडे उतरलेले दिसले, तर आधी स्वस्त तिकीट अजून मिळते आहे ना याची खात्री करून जुने रद्द करायचे आणि लगेच नवे काढायचे. दोन्ही तिकिटे दिवसभर सोबत ठेवू नयेत. एकाच नावाची, एकाच विमानाची दोन बुकिंग दिसली तर काही कंपन्यांची प्रणाली एक आपोआप रद्द करते, आणि नेमके कोणते ते आपल्या हातात नसते. शिवाय कार्डावर पैसे परत यायला नियमाने सात दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे आठवडाभर दोन तिकिटांचे पैसे अडकतात.

अवधी संपला की खरी रडकथा सुरू होते. माझे नऊ दिवसांनंतरचे उदाहरण घ्या. समजा तिकीट रद्द करण्याचे शुल्क ३,५०० रुपये आहे. ६,८०० मधून ते वजा जाऊन ३,३०० परत मिळतील. नवे तिकीट ५,३०० चे. म्हणजे १,५०० वाचवायला निघालो आणि खिशातून आणखी २,००० गेले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. बदलाचा पर्यायही फारसा वेगळा नाही. नवे भाडे जास्त असेल तर वरचा फरक भरायचा, कमी असेल तर तो कंपनीकडेच राहायचा, अशी अट अनेक ठिकाणी असते. बदलाचे शुल्क द्यायचे ते वेगळेच.

म्हणून अवधीनंतर एकच हिशेब करायचा. भाडे जितके उतरले ते रद्द करण्याच्या शुल्कापेक्षा जास्त आहे का? देशांतर्गत तिकिटावर असे क्वचितच होते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर कधी कधी होते. चौघांच्या कुटुंबाचे भाडे माणशी ११,००० ने उतरले आणि शुल्क माणशी ६,५०० असेल, तर १८,००० रुपये वाचतात. यातून बुकिंगचे सुविधा शुल्क वजा करायचे. ते सहसा परत मिळत नाही आणि नव्या बुकिंगला पुन्हा भरावे लागते. तिकीट एखाद्या प्रवासी ॲपवरून काढले असेल, तर कंपनीच्या शुल्कावर त्या ॲपचे स्वतःचे शुल्कही चढते.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. तिकीट कितीही ‘नॉन-रिफंडेबल’ असो, सेलमधले असो, रद्द केले किंवा विमान चुकले तरी सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफ, पीएसएफसारखी शुल्के प्रवाशाला परत द्यावीच लागतात. त्या परताव्यासाठी वेगळे शुल्क लावता येत नाही. रद्द करण्याच्या शुल्कालाही मर्यादा आहे. ते मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असता कामा नये. आता ही मर्यादा नीट पाहा. मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळूनच तर तिकिटाचा बहुतांश भाग होतो. म्हणजे जवळजवळ सगळे पैसे कापले तरी नियम मोडत नाही.

क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत

अमेरिकेचे उदाहरण देऊन ‘आपल्याकडेही क्रेडिट द्या’ म्हणण्याआधी आपल्या आठवणी ताज्या केलेल्या बऱ्या. २०२० च्या टाळेबंदीत विमाने थांबली तेव्हा कंपन्यांनी पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ देऊ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने परताव्याची चौकट ठरली. आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल देण्याची मुभा मिळाली, पण त्याचे मूल्य दर महिन्याला थोडे वाढत जाईल, आधी अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का, या अटीवर. प्रवाशाचे पैसे कंपनी वापरत असेल तर त्याचे मोल द्यावे लागेल, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

कंपनीच बुडाली तर काय होते, हेही आपण दोनदा पाहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. दोन्ही अखेर अवसायनात गेल्या. ज्यांची तिकिटे, क्रेडिट किंवा परतावे अडकले होते, ते बँका आणि विमाने भाड्याने देणाऱ्यांच्या मागे धनकोंच्या रांगेत उभे राहिले. क्रेडिट घेणे म्हणजे विमान कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उसने पैसे देणे. उसने कुणाला देतो आहोत ते पाहावे. डीजीसीएच्या नियमातही स्पष्ट लिहिले आहे, की परतावा देय असताना क्रेडिट घ्यायचे की पैसे, हा निर्णय प्रवाशाचा. कंपनीने क्रेडिट गळ्यात मारायचे नाही. ॲपवर मात्र क्रेडिटचे बटण ठळक रंगात आणि पैशांचे फिक्या अक्षरांत, असा अनुभव अनेकांना आला असेल. घाईत बोट चुकीच्या जागी पडू देऊ नका.

मुद्दा भाड्याचा नाही, शुल्काचा आहे

फोनवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर सुचले. भाडे वाढले असते तर कंपनीने जास्त मागितले नसते, हे बरोबर आहे. ठरल्या दरात तिकीट घेतले, तो सौदा झाला. भाडे उतरले म्हणून कंपनीने आपणहून पैसे परत करावेत, ही मागणी मला तरी पटत नाही. कुठल्याही सेलनंतर असे कोण मागते?

पण रद्द करण्याच्या किंवा बदलाच्या शुल्काचा कंपनीच्या खर्चाशी संबंध काय? मी तिकीट पंधरा-वीस दिवस आधी सोडले, तर ते आसन पुन्हा विकायला कंपनीकडे भरपूर वेळ असतो. उडण्याच्या आदल्या रात्री सोडले तर नुकसान आहे, मान्य. नियमाची मर्यादा मात्र दोघांना सारखीच. कंपन्या दिवसांनुसार शुल्क थोडे कमीजास्त करतात, पण ते त्यांच्या मर्जीने.

अमेरिकेत हे शुल्क स्पर्धेने पाडले. एकीने काढले म्हणून दुसरीला दुसऱ्या दिवशी काढावे लागले. भारतात देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे आहेत आणि उरलेल्यांत मोठा वाटा एअर इंडिया समूहाचा. अशा बाजारात एकीने पाऊल टाकले म्हणून दुसरी धावेल याची वाट किती पाहायची? पुण्याहून अनेक शहरांना दिवसाला एक-दोनच थेट विमाने आहेत, तिथे प्रवाशाला निवडच नसते. म्हणून हे काम डीजीसीएचेच आहे. शुल्काची मर्यादा मूळ भाड्याला बांधण्याऐवजी प्रवासाला उरलेल्या दिवसांना बांधावी. पंधरा दिवस आधी रद्द केले तर नाममात्र, दोन दिवस आधी केले तर भरघोस. एवढे झाले, तर उतरलेल्या भाड्याचा फायदा घ्यायला वेगळा नियम लागणारच नाही.

तोवर हातात काय?

गुगल फ्लाइट्सवर ठरावीक विमानाचे भाडे ‘ट्रॅक’वर लावता येते. तिकीट काढून झाल्यावरही ते चालू ठेवा, बदल झाला की ईमेल येतो. प्रवासाच्या तारखा डळमळीत असतील तर बदलाचे शुल्क कमी असलेला वरचा वर्ग घेताना त्याच्या जादा किमतीची तुलना साध्या वर्गाच्या शुल्काशी करा. एकदाच बदल होणार असेल तरी अनेकदा तो परवडतो. प्रवासी ॲपवरच्या ‘झिरो कॅन्सलेशन’ योजना घेण्याआधी परतावा बँकेत येणार की त्यांच्या वॉलेटमध्ये, ते वाचा. क्रेडिट घेतलेच असेल तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधीचा गजर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच लावा.

कर किंवा देय परतावा अडला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. नंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ पोर्टल किंवा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिकीट एजंटकडून किंवा ॲपवरून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे आणि त्यासाठी ३० कामकाजाच्या दिवसांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घालून दिली होती. ‘एजंटला विचारा’ हे उत्तर चालत नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कंपनीचे मुख्यालय असलेल्या शहरात जावे लागत नाही.